नकाशावरील ठिपका : गुन्हा, स्थळ आणि न्याय

गुन्हा घडला की पोलीस घटनास्थळी जातात आणि पंचांसमक्ष पंचनामा करतात. त्यात चतुःसीमा लिहिण्याचा जुना प्रघात आहे. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस विहीर, उत्तरेस पडीक जागा. जोडीला हाताने काढलेला एक कच्चा नकाशा असतो. दरवाजा, खिडकी, विजेचा खांब, रक्ताचे डाग अशा खुणा त्यात आकडे घालून दाखवलेल्या असतात. हा कागद न्यायालयात वर्षानुवर्षे वाचला जात आला आहे. गुन्हा आणि भूगोल यांचे नाते आपल्याकडे नवे नाही, हे कळण्यास एवढे उदाहरण पुरे.

परंतु असा प्रत्येक कागद एकटा असतो. एका गुन्ह्याचा नकाशा दुसऱ्या गुन्ह्याच्या नकाशाशी बोलत नाही. दोन्ही आपापल्या बासनात बांधून ठेवलेले असतात. हे सारे कागद एकाच मोठ्या नकाशावर आणून एकमेकांशेजारी ठेवले तर काय दिसेल, या प्रश्नातून गुन्हेनकाशाचे शास्त्र वाढले. आज संगणकाने ते काम सोपे केले आहे. आपल्या विद्यालयातून बाहेर पडणारी मुले पोलीस दलात, वकिलीत आणि संगणकाच्या क्षेत्रात जाऊ शकतात. आणि आपल्या वस्त्या तर त्या नकाशावर आहेतच. म्हणून हा विषय थोडा खोलात जाऊन समजून घेण्यासारखा आहे.

थरांवर थर

पृथ्वीवरील प्रत्येक ठिकाणाला अक्षांश आणि रेखांश असे दोन आकडे असतात. भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस, या दोन आकड्यांना त्या ठिकाणाची हवी ती माहिती जोडते. पारदर्शक कागदांची चळत डोळ्यांपुढे आणावी. एका कागदावर रस्ते, दुसऱ्यावर घरे, तिसऱ्यावर पथदिवे, चौथ्यावर दारूची दुकाने, पाचव्यावर वर्षभरात नोंदलेले गुन्हे. हे कागद एकावर एक ठेवून वरून पाहिले की जे सुटेसुटे असताना दिसत नव्हते ते दिसू लागते.

समजा, एका तालुक्याच्या गावी सोनसाखळी चोरीच्या तक्रारी वाढल्या. नोंदवहीत त्या तारखेच्या क्रमाने आहेत, त्यामुळे त्यांच्यात काही संगती लागत नाही. त्याच तक्रारी नकाशावर टाकल्या आणि दिसले की बहुतेक ठिपके एका वळणापाशी, संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान पडले आहेत. पथदिव्यांचा थर वर ठेवला आणि कळले की तेथील दिवे बंद आहेत. रस्त्यांचा थर सांगतो की त्या वळणावरून मोटारसायकल दोन मिनिटांत महामार्गाला लागते. आता उपाय केवळ शिपाई उभा करण्याचा राहत नाही. नगरपरिषदेच्या विद्युत विभागाला एक पत्रही लिहावे लागते. महाराष्ट्रात २०२१ पासून सुरू झालेल्या डायल ११२ या सेवेमागेही हेच तत्त्व आहे. फोन करणाऱ्याचे ठिकाण नकाशावर उमटते आणि जवळचे पोलीस वाहन तिकडे वळवले जाते.

येथे एक सावधगिरी पहिल्याच धड्यात शिकवली पाहिजे. ठिपक्यांची गर्दी म्हणजे धोक्याची गर्दी नव्हे. मोठ्या बसस्थानकावर पाकीटमारीचे ठिपके दाट असतात, कारण तेथून रोज हजारो माणसे जातात. आडवाटेवरच्या थांब्यावर मोजकेच ठिपके असले, तरी तेथे उतरणाऱ्या माणसामागे धोका अधिक असू शकतो. छेद कोणता घेतला हे विचारल्याशिवाय गुन्ह्याचा कोणताही रंगीत नकाशा वाचू नये. रंग डोळ्यांना पटकन पटतो आणि छेद सहसा कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो.

शिकागोची मुले

या शास्त्राचा आरंभ फ्रान्समध्ये झाला. आंद्रे-मिशेल गेरी या वकिलाने आद्रियानो बाल्बी या भूगोलतज्ज्ञासह १८२९ मध्ये फ्रान्सचे तीन नकाशे एकाच पानावर छापले : व्यक्तीविरुद्धचे गुन्हे, मालमत्तेविरुद्धचे गुन्हे आणि शिक्षणाचा प्रसार. जेथे अज्ञान तेथे गुन्हे, असे त्या काळी सारेच धरून चालत. नकाशांनी ते सरळसोट गणित मोडले. मालमत्तेचे गुन्हे उत्तरेकडच्या, अधिक शिकलेल्या आणि सधन भागांत जास्त निघाले. १८५४ मध्ये लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी पटकीने मेलेल्यांची घरे नकाशावर खुणावून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवले, ही हकिकत अनेकांनी पाठ्यपुस्तकात वाचली असेल. पद्धत तीच होती, विषय तेवढा निराळा.

मला या इतिहासातील सर्वांत मोलाचे पान शिकागोचे वाटते. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोघांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत बालन्यायालयापुढे आलेल्या मुलांच्या घरांचे पत्ते शहराच्या नकाशावर टाकले. शहराच्या मध्याजवळ, कारखाने आणि मोडकळीस आलेल्या चाळींच्या पट्ट्यात, ठिपके सर्वांत दाट होते. तेथे आधी जर्मन, आयरिश आणि स्वीडिश स्थलांतरित राहत. ते सुस्थितीत येऊन बाहेर पडले, त्यांच्या जागी पोलिश आणि इटालियन आले, पुढे दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय आले. माणसे बदलत गेली, मात्र त्या पट्ट्यातील प्रमाण उंचच राहिले. आणि जो समाज तेथून बाहेर पडला त्याच्या मुलांतील प्रमाण उतरले. ज्या काळात अमुक वंशाच्या रक्तातच गुन्हेगारी आहे असे विद्वान म्हणवणारे लोक लिहीत होते, त्या काळात एका नकाशाने त्यांना उत्तर दिले. गुन्हा रक्तात नव्हता. तो भाड्याच्या खोलीत, बेकारीत, मोडलेल्या शाळेत आणि परस्परांना न ओळखणाऱ्या शेजारात होता. त्यांचे हे पुस्तक १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. शॉ यांनी त्याआधीच, १९३० च्या दशकात, त्या वस्त्यांतील रहिवाशांनाच हाताशी धरून मुलांसाठी खेळ, शिबिरे आणि मार्गदर्शन यांचा प्रकल्प उभा केला होता.

पाली साहित्याचा परिचय असलेल्या वाचकाला येथे दीघनिकायातील कूटदन्त सुत्त आठवल्याखेरीज राहणार नाही. राजा महाविजिताच्या राज्यात चोर-लुटारूंचा सुळसुळाट झालेला असतो. तेव्हा त्याचा पुरोहित त्याला सांगतो की वध, बंधन आणि हद्दपारी यांनी हा उपद्रव थांबणार नाही, कारण जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेती आणि गुरे पाळणाऱ्यांना बियाणे व चारा द्यावा, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्यावे, राजसेवकांना अन्न व वेतन द्यावे. शॉ आणि मॅके यांना हे सुत्त ठाऊक होते असे मला म्हणायचे नाही. शिकागोचा नकाशा ज्या ठिकाणी येऊन थांबतो त्या ठिकाणाहून सुत्तातील सल्ला सुरू होतो, एवढेच येथे नोंदवतो.

पुढे अभ्यास अधिक बारीक झाला. लॉरेन्स शेरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनियापोलिस शहरात एका वर्षात पोलिसांना आलेले दूरध्वनी तपासले आणि १९८९ मध्ये निष्कर्ष मांडला : शहरातील सुमारे ३ टक्के पत्त्यांवरून निम्मे दूरध्वनी येत होते. म्हणजे अख्खी वस्ती कधीच 'वाईट' नसते. एखादा गुत्ता, एखादा अंधारा कोपरा, एखादी ओसाड इमारत एवढेच ते असते. या दाट ठिकाणांना हॉट स्पॉट म्हणतात. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९४ मध्ये कॉम्पस्टॅट नावाची पद्धत सुरू केली. तीत प्रत्येक भागाच्या अधिकाऱ्याला नकाशासमोर उभे करून जाब विचारला जाई. व्हँकुव्हरचे पोलीस अधिकारी किम रॉस्मो यांनी एकाच गुन्हेगाराच्या अनेक गुन्ह्यांच्या ठिकाणांवरून त्याच्या राहत्या जागेचा संभाव्य टापू काढण्याचे गणित मांडले. तपासाच्या दृष्टीने ही साधने उपयोगी आहेत यात शंका नाही.

ठिपका कोण टाकतो?

मात्र आता मुळाशी असलेला प्रश्न विचारला पाहिजे. नकाशावर जो ठिपका दिसतो तो गुन्ह्याचा असतो का? नाही. तो नोंदीचा असतो. तक्रार देण्याचे धाडस झाले, पोलीस ठाण्यात ती लिहून घेतली गेली, किंवा पोलीस स्वतः तेथे गेले आणि त्यांनी कुणाला पकडले, तेव्हाच ठिपका पडतो. जेथे पोलीस वारंवार जातात तेथे अटका जास्त होतात. अटका जास्त झाल्या की नकाशा तोच भाग लाल दाखवतो, आणि नकाशा लाल दिसला की पोलीस पुन्हा तेथेच जातात.

हे चक्र कसे फिरते ते क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतील ओकलंड शहराच्या माहितीवरून दाखवून दिले. सर्वेक्षणांवर आधारलेल्या अंदाजानुसार अमली पदार्थांचे सेवन त्या शहरात बऱ्याच अंशी सर्वत्र पसरलेले होते. पोलिसांच्या नोंदी मात्र कृष्णवर्णीय आणि गरीब वस्त्यांत एकवटलेल्या होत्या. भावी गुन्ह्यांचे ठिकाण सांगणाऱ्या प्रेडपोल या प्रणालीची गणितपद्धत त्या नोंदींवर चालवून पाहिली, तेव्हा तिने पोलिसांना पुन्हा त्याच वस्त्यांकडे पाठवले असते असे दिसले. ही प्रणाली साधारण दीडशे मीटर बाजूचे चौकोन आखून आज येथे गस्त घाला असे सांगत असे. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी २०२० मध्ये तिचा वापर थांबवला, आणि त्याच वर्षी सांताक्रूझ शहराने अशा भाकितांवर बंदीच घातली. विशेष म्हणजे ही प्रणाली तेथे आधी वापरात होती.

आपल्याकडे दिल्ली पोलिसांनी इस्रोच्या साहाय्याने सीमॅप्स नावाची गुन्हेनकाशा प्रणाली उभारली. तिच्यासाठी नियंत्रण कक्षाला आलेल्या दूरध्वनींची माहिती वापरली जाते. विदुषी मर्डा आणि शिवांगी नारायण यांनी तिचा अभ्यास करून २०२० मध्ये जो निबंध सादर केला, त्यात माहिती जमवण्याच्या टप्प्यापासूनच पूर्वग्रह कसे शिरतात याची चिकित्सा आहे. झोपडपट्टीत भांडण झाले की लोक पोलिसांना फोन करतात, कारण त्यांच्यापाशी दुसरे कोणी नसते. बंगल्यातले भांडण बंगल्यातच मिटवले जाते. शिवाय क्रमांक नसलेल्या घरांचा प्रश्न आहेच. 'विहाराच्या मागे, पिंपळापाशी' हा पत्ता आपल्याला पुरतो, संगणकाला पुरत नाही. अशी तक्रार जवळच्या एखाद्या ठळक खुणेवर टाकली जाण्याचा धोका असतो, आणि मग जेथे काही घडलेच नाही ते ठिकाण लाल होते.

नकाशाने माणसांवर शिक्का मारण्याचा प्रकार आपल्या देशाला संगणकाच्या फार आधीपासून ठाऊक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. माणसांनी ठराविक वेळी हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही, आणि काहींनी तारेच्या कुंपणातील वसाहतीत राहायचे, असा तो बंदोबस्त होता. सोलापूरची 'सेटलमेंट' हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. तरीही कोठे चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते, ही तक्रार त्यानंतरही ऐकू येतच राहिली. अशा धाडींच्या नोंदी संगणकात भरल्या तर संगणक काय शिकेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

कायद्याने सांगितलेला नकाशा

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग हे शास्त्र आपल्या विरोधातलेच आहे. मला तसे वाटत नाही. गुन्ह्याची ठिकाणे ओळखण्याचे कर्तव्य आपल्या एका कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे आणि त्यात नकाशाची दिशा नेमकी उलटी आहे. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ याच्या शिक्षेच्या कलमांची चर्चा पुष्कळ होते. प्रतिबंधाच्या कलमांची मात्र फार थोडी होते. कलम १७ नुसार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय वा अन्य कार्यकारी दंडाधिकारी, किंवा पोलीस उपअधीक्षक व त्यावरील दर्जाचा अधिकारी एखादा भाग अत्याचारप्रवण म्हणून घोषित करू शकतो आणि शांतता राखण्यासाठी पावले उचलू शकतो. कलम २१ मध्ये अत्याचाराची शक्यता असलेले भाग निश्चित करणे हे राज्य सरकारने योजावयाच्या उपायांत गणले आहे. १९९५ च्या नियमांतील नियम ३ आणखी पुढे जातो. असे भाग शोधावेत, जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांनी तेथे जाऊन परिस्थितीचा आढावा घ्यावा, आवश्यक तेथे अनुसूचित जाती-जमातींबाहेरील व्यक्तींचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, विशेष पोलीस दल ठेवावे, असे तो सांगतो.

म्हणजे येथे लाल रंग वस्तीला संशयित ठरवण्यासाठी नाही, वस्तीच्या रक्षणासाठी आहे. गावकुसाबाहेर कोण राहते हे या देशाच्या गावगाड्याने शतकानुशतके आखून ठेवलेले होते. त्या आखणीमुळे ज्यांना धोका आहे त्यांच्यासाठी दुसरी आखणी करण्याचे काम कायद्याने शासनावर सोपवले.

हे काम वेळीच होणे का आवश्यक असते, हे सांगताना खैरलांजीचे नाव टाळता येत नाही. भंडारा जिल्ह्यातील या गावी २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची हत्या झाली. ती आभाळातून कोसळलेली घटना नव्हती. जमिनीचा आणि शेतातून जाणाऱ्या वाटेचा वाद जुना होता. त्याच महिन्यात या कुटुंबाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या एका नातलगाला मारहाण झाली होती आणि कुटुंबातील स्त्रियांनी मारणाऱ्यांची नावे पोलिसांना सांगितली होती. जमिनीचा वाद एका दप्तरात, मारहाण दुसऱ्यात, जामिनाचा आदेश तिसऱ्यात. हे तिन्ही कागद एका नकाशावर एकत्र ठेवून कोणी पाहिले असते तर काय झाले असते, याचे उत्तर आज कोणी देऊ शकत नाही. पण थरांवर थर ठेवण्याचे हे तंत्र अशाच जागी वापरायचे असते.

खैरलांजीने तंत्राची मर्यादाही दाखवली. सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये आरोपींना शिक्षा दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत असल्याचे मान्य केले नाही. आता कलमांच्या आधारे थर रचणाऱ्या संगणकाला विचारा, हा ठिपका कोणत्या थरात ठेवायचा? नुसत्या खुनाच्या, की अत्याचाराच्या? तो निर्णय नकाशा करीत नाही. तो आधीच कुठेतरी झालेला असतो.

आणखी एक गुन्हा असा आहे की ज्याला ठिपकाच नसतो. सामाजिक बहिष्कार. किराणा दुकानदार मीठ देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, शेतावर मजुरीला बोलावत नाहीत, कोणी बोलत नाही. घटनास्थळ कोणते लिहायचे? चतुःसीमा कोणती घालायची? महाराष्ट्राने बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला, अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही त्या सुमारास झालेल्या दुरुस्तीने बहिष्कार गुन्हा म्हणून आला. नकाशा मात्र बिंदूंचाच राहिला. बहिष्कार दाखवायचा असेल तर दुकान, गिरणी, पाणवठा, बसथांबा आणि प्रत्येक घर यांच्यातील तुटलेल्या रेषा दाखवाव्या लागतील. असा थर रचण्याचे आव्हान आपल्यातील एखाद्या संगणकाच्या विद्यार्थ्याने घ्यावे असे मला मनापासून वाटते.

हे करताना पीडितांची प्रतिष्ठा सांभाळली पाहिजे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि वीस घरांच्या वस्तीत एक अचूक ठिपका म्हणजे ओळखच. ब्रिटनमध्ये २०११ पासून पोलिसांचे गुन्हेनकाशे लोकांना खुले आहेत, पण तेथे गुन्हा नेमक्या घरावर न दाखवता जवळच्या एका ठराविक बिंदूवर सरकवून दाखवतात. लोकांसाठीच्या नकाशाला ही पद्धत योग्य आहे. तपासाच्या आणि बंदोबस्ताच्या नकाशाला अर्थातच अचूक जागा हवी.

शेवटी, ज्यांच्या हाती संगणक नाही त्यांच्याही हातात असलेल्या दोन गोष्टी. पहिली गोष्ट प्रथम खबरी अहवालाची. त्याच्या छापील नमुन्यात घटनास्थळाचा स्वतंत्र रकाना असतो, आणि पोलीस ठाण्यापासूनची दिशा व अंतर, बीट क्रमांक आणि पत्ता ही माहिती त्यात भरायची असते. फिर्याद देताना हा रकाना घाईत भरू देऊ नये. गट क्रमांक, विजेच्या खांबाचा क्रमांक, जवळचे विहीर वा शाळा, शक्य असल्यास मोबाईलवर दिसणारे अक्षांश-रेखांश सांगावेत. अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. ती घेऊन हा रकाना घरी पुन्हा वाचावा. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला या कारणाने फिर्याद नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे आता स्पष्ट लिहिले आहे.

दुसरी गोष्ट जिल्हा पातळीवरची. १९९५ च्या नियमांतील नियम १७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व सनियंत्रण समिती असते आणि तिने तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक घ्यायची असते. आपल्या जिल्ह्यातील कोणती गावे अत्याचारप्रवण म्हणून निश्चित केली आहेत, ती यादी शेवटची कधी तपासली, आणि त्या गावांना अधिकाऱ्यांनी कोणत्या तारखांना भेट दिली, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली एका साध्या अर्जाने विचारता येतात. उत्तर आले की तालुक्याचा नकाशा भिंतीवर लावून ती गावे रंगवावीत, आणि त्याशेजारी गेल्या पाच वर्षांत प्रत्यक्ष अत्याचार घडलेली गावे दुसऱ्या रंगाने रंगवावीत.